रिळाची रविवारची आंघोळ

रील म्हटलं की तुमचा अंगठा आपोआप वर सरकतो ना? थांबा! विषय आहे गळाच्या काठीवरच्या रिळाचा. ट्रेकिंग झालं, सायकलिंग झालं, आता आमच्या ऑफिसातल्या चौघा-पाचजणांना नवं वेड लागलंय. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, दापोली गाठायची आणि मुरुड नाहीतर कर्देच्या पुळणीवर पहाटेची भरती पकडून गुडघाभर लाटेत काठी घेऊन उभं राहायचं. याचं स्टायलिश नाव सर्फ फिशिंग. कोकणात याला नुसतं ‘गरवणं’ म्हणतात.

हौस तशी स्वस्त नाही. साधं स्पिनिंग रीळ हजार-दोन हजारांत मिळतं खरं, पण वरच्या रेंजमधल्या जपानी रिळाची किंमत ऐकली की बाइकचं डाउन पेमेंट आठवतं. आमच्यातल्या एकाने पहिल्या बोनसमधून असंच एक झकास रीळ घेतलं. नोव्हेंबरात घेतलं आणि फेब्रुवारीत लाडघरला त्याला आयुष्यातला पहिला मोठा मासा लागला. काठी वाकली, तंगूस सरसर सुटायला लागला, आम्ही सगळे आपापल्या काठ्या टाकून धावलो... आणि तंगूस तटकन तुटला. रावस होता की तांबोशी, यावर आमच्यात अजून वाद आहेत. दिसलाच नाही तो.

रीळ बघितलं तर बाहेरून नव्यासारखं चकचकीत. बिघडला होता फक्त लाइन रोलर. तंगूस रिळावर चढताना ज्या चिमुकल्या चाकावरून वळतो ना, ते चाक. त्याच्या आतलं बेअरिंग मिठाने जाम झालं होतं. चाक फिरायचं थांबलं की तंगूस एकाच जागी घासत राहतो, आणि भार आला की तिथेच तुटतो. रिळाचं काय, बेअरिंग बदलता येतं. पण तो मासा तोंडात गळ आणि मागे पन्नास-साठ मीटर नायलॉन घेऊन गेला. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. असा सुटलेला तंगूस त्यांच्या पायात अडकला तर काय होईल, वेगळं सांगायला नको. तो समुद्रात वर्षानुवर्षं कुजत नाही.

आता जरा केमिस्ट्री. घाबरू नका, दहावीपुरतीच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार रिळावर उडतात, पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. आणि हे मीठ मोठं बेरकी! हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि पुन्हा खारट ओलावा तयार करतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तेच हे. कोकणात तेवढी आर्द्रता म्हणजे रोजचीच गोष्ट. त्यामुळे आपल्याला वाळलेलं वाटणारं रीळ खरं म्हणजे वाळलेलंच नसतं.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा आपला गोड गैरसमज. त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो. मिठातला क्लोराइड नेमका हाच थर टोचून फोडतो आणि आत बारीक खड्डे पाडतो. त्यात रिळाची बॉडी अनेकदा अॅल्युमिनियमची, स्क्रू स्टीलचे, एखादा गिअर पितळेचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली की बॅटरी! त्यात जो धातू कमकुवत तो झिजतो. इथे बिचारं अॅल्युमिनियम. याच तत्त्वाचा उलटा उपयोग हम्फ्री डेव्हीने १८२४मध्ये सुचवला. जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा तुकडा जोडायचा, मग झिजतं ते जस्त. आजही बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. रिळाला मात्र तसा ठोकळा लावायची सोय नाही.

माझं मत विचाराल, तर रीळ मरतं ते लाटेत नाही, घरी. समुद्रावर ते असतं चार-पाच तास. मग ओल्या बॅगेत, बंद डिकीत ताम्हिणी घाट चढतं, रात्री उशिरा लॉफ्टवर जातं आणि सोमवारी आपण स्टेटस मीटिंगमध्ये! पुढे निवांत दोन आठवडे मिठाचं काम चालू.

म्हणून आंघोळ त्याच दिवशी घालायची, होमस्टेवरच. आधी ड्रॅग घट्ट आवळायचा. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की तंगूस थोडा थोडा सोडणारा ब्रेक. तो आवळला की त्याच्या चकत्यांत पाणी शिरत नाही. मग मगातून गोड्या पाण्याची हलकी धार. बाथरूममधला जेट स्प्रे अजिबात नको, तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. बादलीत बुडवून ठेवणं हासुद्धा तसलाच प्रकार. धार सोडताना रोलर बोटाने फिरवत राहा. जुन्या बनियनने पुसा, पंख्याखाली वाळवा आणि मग ड्रॅग सैल करायला विसरू नका, नाहीतर चकत्या दबून बसतात. रोलरला, हँडलच्या मुठीला एकेक थेंब रिळाचं तेल. संपलं, दहा मिनिटं!

एक गंमत सांगतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात कधीकधी मचूळ होतं. मचूळ पाण्याने रीळ धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. मी आधी चूळ भरून बघतो. शंका आली तर दापोली शहरातून भरून आणलेला पाच लिटरचा कॅन डिकीत असतोच.

आणि डब्ल्यूडी-४०? नावातच उत्तर आहे. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं. तो फवारा रिळाच्या आत मारला तर गिअरवरचं ग्रीसच पातळ होऊन निघून जातं.

मुरुडला एक काका नेहमी भेटतात. त्यांच्याकडे काठी नाही, रीळ नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा तुकडा आणि गरी. माझा रीळ धुण्याचा सोहळा बघून म्हणाले, “काय हो, याला रोज न्हाऊ घालता की काय?”

म्हटलं, “काका, तुमच्या बाटलीला गंज लागत नाही ना!”

“नाय. पण उन्हाने तडकते हो,” ते म्हणाले आणि पुढची गरी फेकली.

हल्ली सीलबंद रिळं मिळतात. काहींवर आयपीएक्स६ असं रेटिंग असतं, म्हणजे जोराच्या फवाऱ्यालाही आत मज्जाव. बजेट असेल तर जरूर घ्या, पण आंघोळ त्यांनाही लागतेच, कारण मीठ बाहेरून चिकटायचं ते चिकटतंच.

जून ते ऑगस्ट लाटेत उभं राहण्याच्या भानगडीत पडू नका. तेव्हा रीळ वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यायचं, ग्रीस बदलायचं आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवायचं. ठेवताना काठीवरून काढून मात्र ठेवा. रिळाचा पाय काठीला जिथे आवळलेला असतो, त्या फटीत मीठ आणि वाळू दोन्ही असतात, आणि तिथे कुणीच बघत नाही.