तान्ह्या बाळासह आकाशदर्शनाला

फाल्गुन अमावास्या जवळ आली की हौशी आकाशनिरीक्षकांचं घरात लक्ष लागत नाही. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादीतले 110 तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका एकाच रात्रीत गाठायच्या, तर हेच दिवस सोयीचे. या शर्यतीला मेसिए मॅरेथॉन म्हणतात. मुंबईकर आकाशदर्शनासाठी बदलापूरच्या पुढे वांगणीला जातात, मीही कॉलेजपासून जाते. मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा सगळे म्हणाले, "यंदा राहू दे." डॉक्टरांना विचारून आम्ही तिला घेऊनच गेलो.

शिबिरात एक नियम कडक असतो : पांढरा उजेड बंद. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती मेहनत वाया जाते. म्हणून विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद लावतात. त्या मंद उजेडात बाळाला पाजता येतं, लंगोट बदलता येतो, झोपही फारशी मोडत नाही. पण लाल उजेडात लालसर काही दिसत नाही! डास चावल्याची गांधी, लंगोटाने उठलेलं पुरळ, सगळं कातडीत मिसळून जातं. म्हणून दिवस मावळण्याआधीच तिचं सगळं अंग नीट पाहून घेतलं. रात्री शंका आलीच तर तंबूत दिवा लावायचा नाही, तो आकाशकंदिलासारखा उजळतो. सरळ मुक्कामाच्या खोलीत जायचं आणि दार लावून घ्यायचं.

थंडीपेक्षा मला विंचवाची धास्ती जास्त होती. कोकणातल्या लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर घाला घालतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून कित्येक जीव वाचवले, पण ते वेळेत पोटात जायला हवं. त्यामुळे जागा ठरली की जवळचं रुग्णालय गाठून विचारायचं : रात्री डॉक्टर असतात का, हे औषध आहे का? तंबूला शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन हवीच. दुपटं असो वा बूट, झटकल्याशिवाय वापरायचं नाही. दगडांच्या ढिगाजवळ तंबू ठोकायचा नाही.

बाळाला उताणं, उशीशिवाय झोपवायचं. तोंडावर पांघरूण नको. पहाटे दव पडायला लागलं की चार दुपट्यांत गुंडाळावंसं वाटतं. पण बाळाचे हातपाय एरवीही गार लागतात, खरा अंदाज छातीला किंवा मानेला हात लावून येतो. तंबूत शेगडी किंवा डासांची अगरबत्ती मुळीच नको. मच्छरदाणी पुरते.

मॅरेथॉनची सुरुवात पश्चिमेला बुडणाऱ्या एम 74 आणि एम 77 या दीर्घिकांनी होते. संधिप्रकाशातली ती घाई नेमकी नाचणीच्या सत्त्वाच्या वेळेला आली. नवरा दुर्बिणीवर, मी वाटी-चमचा घेऊन. मध्यरात्री कन्या राशीतल्या दीर्घिकांवर माझी पाळी होती, तेव्हा तिने भोकाड पसरलं. मी ओशाळले, तर शेजारच्या दुर्बिणीवरचे काका म्हणाले, "अगं, रडू दे तिला. आवाजाने तारे हलत नाहीत. विजेरी लावू नकोस म्हणजे झालं." पहाटे धनू राशीतले गुच्छ पाहिले. शेवटचा एम 30 उजाडता उजाडता उगवतो, तो आम्ही सोडून दिला, कारण ती भुकेने उठली होती. बाळ लहान असताना 110 चा हट्ट धरूच नये, जे दिसेल ते मनापासून बघावं.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. लेकुरवाळ्या कुटुंबांचे तंबू दुर्बिणींच्या वाटेपासून दूर ठेवा, दिवा लावता येईल अशी एक बंद खोली राखा, आणि सूचनापत्रकात जवळच्या रुग्णालयाचा फोन छापा. एवढं केलंत तर मूल झालं म्हणून आकाशदर्शन सोडणाऱ्या कितीतरी जणी परत येतील.