ड्युरिया बंधूंची गाडी

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रही एक जुनी मोटारगाडी आहे. तिला मोटार म्हणावयास पाहणारा क्षणभर कचरतो. उंच, बारीक आऱ्यांची चाके आणि बग्गीची बैठक पाहून, घोडा तेवढा सोडून नेला असावा, असे वाटते. ते फारसे खोटेही नाही. चार्ल्स व फ्रँक ड्युरिया या बंधूंनी एक वापरलेली बग्गी ७० डॉलरांना विकत घेतली आणि तिच्यावरच आपले यंत्र बसविले.

थोरला चार्ल्स सायकली बनविणारा. मोटारीची कल्पना मुख्यतः त्याची. फ्रँक त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटा, कुशल कारागीर. इ. स. १८९२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे काम सुरू झाले. परंतु त्याच वर्षी चार्ल्स आपल्या धंद्यासाठी दूर पिओरिया गावी निघून गेला. अर्धवट यंत्र फ्रँकच्या गळ्यात पडले. इंजिन नीट पेट घेईना, तेव्हा त्याने त्याचे बरेचसे भाग नव्याने घडविले. २१ सप्टेंबर १८९३ रोजी गाडी रस्त्यावर आली आणि अडखळत का होईना, चालली. चार्ल्स त्या वेळी तेथे नव्हता.

या गाडीस एकच सिलिंडर असून तिची शक्ती सुमारे चार अश्वशक्ती होती. चालकाच्या हाती चक्राऐवजी एक दांडा असे. इंजिनाची गती चाकांपर्यंत पोहोचविण्याची पहिली योजना घर्षणावर अवलंबून होती. ती समाधानकारक न ठरल्याने फ्रँकने पुढे तिच्या जागी दातेरी चक्रे बसविली.

बंधूंची दुसरी गाडी अधिक सुधारलेली होती. २८ नोव्हेंबर १८९५ रोजी शिकागो येथे मोटारींची शर्यत झाली. शिकागोहून एव्हन्स्टनला जाऊन परत यावयाचे, अंतर सुमारे ५४ मैल. आणि रस्ते बर्फाने भरलेले! सहा गाड्या निघाल्या, परत पोहोचल्या केवळ दोन. वाटेत फ्रँकच्या गाडीचा वळविण्याचा दांडा मोडला. तो लोहाराच्या दुकानात दुरुस्त करून त्याने गाडी पुन्हा हाकली आणि दहा तासांहून अधिक काळाने प्रथम क्रमांक मिळविला. सरासरी वेग ताशी पाच मैलांच्या आसपास! झपझप चालणारा मनुष्यही या गाडीच्या फार मागे राहिला नसता. मात्र त्या बर्फात दहा तास असे चालणे कोणाला साधले असते?

१८९६ साली त्यांच्या कंपनीने एकाच नमुन्याच्या १३ गाड्या तयार केल्या. एकाच आराखड्यावरून अनेक मोटारी घडविण्याचा अमेरिकेतील तो पहिला प्रसंग होय. एक गाडी तर सर्कशीच्या मिरवणुकीतही फिरली! त्या तेरांपैकी एक आज डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

यश आले, परंतु भाऊ दुरावले. १८९८ पर्यंत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गाडीचा खरा जनक कोण, याविषयी दोघांत उघड वाद माजला. कल्पना आपली, असे चार्ल्स सांगे. घडविली मी, असे फ्रँकचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि हीच त्या वादातील दुःखाची गोष्ट होय. चार्ल्स १९३८ मध्ये निवर्तला. फ्रँक १९६७ पर्यंत, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगला. बग्गीवर उभारलेली ती पहिली गाडी तेव्हाही संग्रहालयात होती. तिला आजही 'ड्युरिया' या दोघांच्या आडनावानेच ओळखतात.