राखेतला पुरावा : आगीच्या तपासाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंगळवेढा तालुक्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी रचल्या जातात, आणि 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या ज्वारीचा कडबा हाच जनावरांचा वर्षभराचा आधार असल्यामुळे, ऐन उन्हाळ्यात गंज पेटली तर तिचे नुकसान नुसत्या पैशांत मोजता येत नाही. अशा आगीनंतर गावात सहसा दोनच कारणे बोलली जातात, ‘शॉर्टसर्किट झाले’ किंवा ‘कुणीतरी पेटवून दिली’. पहिल्या उत्तराने वीज कंपनीवर ठपका येतो, तर दुसऱ्याने बांधावरच्या जुन्या वैराला नवे निमित्त मिळते. दोहोंपैकी कोणतेही उत्तर खरे असू शकते. मात्र ते खरे आहे की नाही हे ठरवण्याचे एक शास्त्र आहे आणि ते रीतसर शिकावे लागते, याची जाणीव शासकीय यंत्रणेतही पुरेशी रुजलेली नाही.

सर्वांत पसरलेला समज असा, की सगळे जळून खाक झाल्यावर पुरावा उरतच नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. गंजीवरून गेलेल्या वीजवाहिन्यांच्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आदळल्या तर त्या जागी ॲल्युमिनियम वितळून तारेवर खड्डे आणि खाचा पडतात, वितळलेले बारीक कण खाली सांडतात, आणि त्याच वेळी वाहिनी ‘ट्रिप’ झाली असेल तर उपकेंद्रातील नोंदवहीत ती वेळ सापडते. तारेवरील खाच बरोबर गंजीच्या वर आहे का, त्या दुपारी वारा कोणत्या दिशेने वाहत होता, नोंदीतली वेळ आणि पहिला धूर दिसल्याची वेळ जुळते का, हे तिन्ही धागे एकत्र आले तरच ‘तारेची ठिणगी’ हा निष्कर्ष टिकतो. उलट बांधावरचे गवत पेटवल्याची जळकी वाट गंजीपर्यंत पोचलेली दिसली, तर शोधाची दिशाच बदलते.

घरातील वा दुकानातील आगीत वितळलेली वायर सापडली की शॉर्टसर्किट सिद्ध झाले, हा त्याच जातीचा दुसरा समज आहे. बाहेरून लागलेल्या आगीने वायरचे आवरण जळते, आतल्या उघड्या तारा एकमेकींना चिकटतात आणि तेव्हाही शॉर्टसर्किट होऊन तांब्याचा गोळा तयार होतो. म्हणजे तो गोळा आगीचे कारण असू शकतो तसाच तिचा परिणामही असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांना हा भेद ठरवता येत नाही.

याहून घातक गैरसमज घातपाताच्या ‘खुणां’विषयीचे आहेत. फरशीवर सांडल्यासारखे जळके डाग म्हणजे रॉकेल किंवा पेट्रोल ओतलेले, तडे गेलेली काच म्हणजे अतितीव्र आग, कपचे उडालेले काँक्रीट म्हणजे ज्वलनशील द्रव, असे ठोकताळे जगभर दशकानुदशके वापरले गेले. प्रत्यक्षात तापलेल्या काचेवर बंबाचे पाणी पडले की तिला तसे तडे जातात, आणि काँक्रीटचे कपचे आतल्या ओलाव्याची वाफ झाल्यानेही उडतात. बंद खोलीत छताखाली साठलेले उष्ण वायू सुमारे 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की खालच्या सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेटतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि तिच्यानंतर फरशीवर उमटणारे डाग द्रव ओतल्यासारखेच दिसतात. अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे 6 जणांचा बळी घेणाऱ्या 1990 च्या आगीत त्या घरात राहणाऱ्या एका पुरुषावर संशय होता. 1991 मध्ये तपासनिसांनी शेजारचे तसेच घर कोणतेही इंधन न ओतता पेटवून पाहिले, तेव्हा काही मिनिटांत तेच डाग उमटले आणि आरोप मागे घेण्यात आले. टेक्सासमधील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांच्या वाट्याला असा प्रयोग आला नाही. तीन मुलींच्या मृत्यूबद्दल त्यांना 2004 मध्ये देहदंड देण्यात आला, आणि ज्या खुणांच्या आधारे ती आग ‘लावलेली’ ठरली होती त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे तज्ज्ञांनी नंतर स्पष्टपणे नोंदवले.

आग विझवण्याचा दीर्घ अनुभव असलेला माणूस आगीचे कारणही ओळखतो, हे गृहीतक आपल्याकडे प्रश्न न विचारता मान्य केले जाते. अग्निशमन जवानांच्या धैर्याला कमीपणा न आणता असे म्हणावे लागते, की ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. 2005 मध्ये लास व्हेगास येथील एका प्रशिक्षणात दोन खोल्या पेटवून फ्लॅशओव्हरनंतर सुमारे 2 मिनिटे जळू दिल्या आणि 53 तपासनिसांना आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली एवढेच विचारले; प्रत्येक खोलीबाबत फक्त 3 जणांचे उत्तर बरोबर आले. एवढ्या वाईट निकालातून धडा घेऊन प्रशिक्षणच बदलले गेले, ही त्या व्यवसायाची प्रामाणिकता होय. 1949 मध्ये स्थापन झालेली तपासनिसांची आंतरराष्ट्रीय संघटना प्रशिक्षण व प्रमाणपत्रे देते, आणि 1992 पासून प्रसिद्ध होणारी ‘एनएफपीए 921’ ही मार्गदर्शिका निरीक्षण, गृहीतक आणि पडताळणी असा क्रम घालून देते. महाराष्ट्रात नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून अधिकारी घडवत आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांचा जबाब, नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा दाखला आणि जीवितहानी झाल्यास विद्युत निरीक्षकांची चौकशी हे कागद वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात, आणि ते सर्व एकत्र वाचणारा प्रशिक्षित तपासनीस तेथे नसतो. अशा पदाची मागणी शेतकरी संघटनांनी आणि वकिलांनीही लावून धरावी, इतकी ती त्यांच्या हिताची आहे.

दुसरे कारण सापडले नाही, म्हणून आग लावलेलीच असणार, हा युक्तिवादही टिकणारा नाही. वरील मार्गदर्शिकेच्या 2011 च्या आवृत्तीने तो अशास्त्रीय ठरवला. कोरडा कडबा आपोआप पेटत नाही हे खरे, पण अवकाळी पावसात भिजलेला चारा दाबून रचला तर सूक्ष्मजीवांमुळे आतले तापमान 70 अंशांच्या आसपास जाते, पुढे रासायनिक क्रियेने ते वाढत राहते आणि गंज आतून बाहेर जळत येते. साखर कारखान्याच्या आवारातील बगॅसच्या ढिगांनाही हाच धोका असतो. कारण ‘अनिश्चित’ ठेवले तर विम्याची भरपाई बुडते, या भीतीने पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहून घेतले जाते, तीही भीती अनाठायी आहे. कर्नाटकातील शीतगृहात शेतकऱ्यांचा माल जळाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले, की विमाधारकाने स्वतः आग लावलेली नसेल तर तिचे नेमके कारण महत्त्वाचे नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 नुसार आग लावून शेतमालासह कोणत्याही मालमत्तेचे नुकसान केल्यास 7 वर्षांपर्यंत, तर राहते घर नष्ट केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 ने 7 वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले. मात्र तज्ज्ञ पोचेपर्यंत राख कुणी उपसू नये, इंधनाचा संशय असलेली माती साध्या प्लास्टिक पिशवीत न भरता हवाबंद स्वच्छ डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावी, कारण पिशवीतून वाफ निसटते, आणि तुलनेसाठी न जळलेल्या जागेची मातीही वेगळी घ्यावी, एवढे तरी घटनास्थळी पहिल्यांदा पोचणाऱ्या पोलीस हवालदाराला, तलाठ्याला आणि बंबावरील जवानाला शिकवलेले असले पाहिजे.