तेल नसतानाही दिसणारा प्रकाश

गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या सुमारास वाहून येणारे टारबॉल, म्हणजे तेलाचे काळे गोळे, कोणालाही दिसतात. पाण्यात विरलेले तेल मात्र डोळ्यांना दिसत नाही. लिटरभर पाण्यात ते ग्रॅमच्या काही दशलक्षांश भागांइतकेच असू शकते. ते मोजण्याची रूढ पद्धत प्रतिदीप्तीवर आधारलेली आहे. हेक्झेन या द्रावकाच्या साहाय्याने पाण्यातील तेल वेगळे करतात, त्यावर ३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकतात आणि तेलातील संयुगे ३६० नॅनोमीटरच्या आसपास जो प्रकाश परत देतात, त्याची तीव्रता मोजतात.

पेच असा की, तेल मुळीच नसले तरी यंत्र काही ना काही प्रकाश दाखवतेच. हा पाहुणा ओळखता आला नाही, तर स्वच्छ पाणी प्रदूषित ठरते.

त्यांतला एक पाहुणा इतिहासप्रसिद्ध आहे. १९२३ मध्ये कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना शुद्ध द्रवांतून येणारा एक क्षीण प्रकाश आढळला. अशुद्धीमुळे होणारी ती मंद प्रतिदीप्ती असावी, असा तर्क झाला. द्रव पुनःपुन्हा ऊर्ध्वपातनाने शुद्ध करूनही तो प्रकाश हटेना. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याचा उलगडा झाला. तो दोष नव्हताच. द्रवाच्या रेणूंनीच तरंगलांबी बदलून विखुरलेला तो प्रकाश होता. या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिदीप्ती मोजणाऱ्यांना मात्र रामन परिणाम आजही अडचणीचाच वाटतो, ही त्यातली गंमत.

हेक्झेनवर ३१० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की त्याचे रामन शिखर सुमारे ३४१ नॅनोमीटरवर उमटते. यंत्राची फट रुंद ठेवली, तर त्याची कड ३६० पर्यंत पसरते आणि तेलाच्या आकड्यात मिसळते.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. टाकलेल्या प्रकाशाची तरंगलांबी ३१० वरून ३२० करावी. रामन शिखर त्यासोबत सरकून ३५३ च्या जवळ जाते. खऱ्या प्रतिदीप्तीचे शिखर सहसा जागेवरच राहते, फक्त त्याची उंची बदलते. जागचे न हलणारे शिखर नुसत्या हेक्झेनमध्येही दिसले, तर संशय द्रावकाच्या बाटलीवर किंवा नमुना धरणाऱ्या कुपीवर घ्यावा. कुपी क्वार्ट्झची हवी, साधी काच या अतिनील पट्ट्यात प्रकाश अडवते. कपड्यांना शुभ्रता देणाऱ्या साबणचुऱ्यात प्रतिदीप्त द्रव्ये असतात, त्यामुळे कुपी धुण्यासाठी तो वापरणे म्हणजे नवा पाहुणा घरात घेणे. ६२० नॅनोमीटरवर अवचित शिखर उगवले, तर ते बहुधा ३१० च्या प्रकाशाचेच दुप्पट तरंगलांबीवर उमटलेले प्रतिबिंब असते. योग्य गाळणी लावताच ते नाहीसे होते.

प्रयोगशाळेबाहेरचा दोष अधिक फसवा असतो. नमुना घेणाऱ्या होडीचे डिझेल बाटलीत शिरले, तर ती प्रतिदीप्ती तेलाचीच असते, पण समुद्रातल्या तेलाची नव्हे. यंत्राला हा भेद कळत नाही. म्हणून तेलमुक्त पाण्याची एक बाटली होडीवर नेऊन, तिथेच उघडून, इतर नमुन्यांसारखीच तपासावी लागते. तिच्यातून येणारा आकडा आधी पाहावा, मग समुद्राचा.