स्मार्टफोनवर चालणारे कुलूप : सोय आणि सुरक्षितता

किल्ली ज्याच्या हाती, त्याला प्रवेश, हा कुलपाचा जुना न्याय होय. स्मार्टफोनवर चालणाऱ्या कुलपात मात्र किल्ली म्हणजे फोनमध्ये साठविलेली एक गुप्त संख्या असते. त्यामुळे पाहुण्यास दोन दिवसांपुरती किल्ली देणे, घरकामास येणाऱ्या बाईंना ठरावीक वेळीच प्रवेश देणे, परगावाहून दार बंद असल्याची खात्री करून घेणे शक्य होते. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असलेल्या कुटुंबात ही सोय क्षुल्लक म्हणता येणार नाही. तथापि या कुलपाची सुरक्षितता नेमकी कोठे ढळते, हे पाहू गेल्यास उत्तर बहुधा याच सोयीत सापडते.

फोन व कुलूप यांच्यातील संवाद सामान्यतः ब्लूटूथद्वारे होतो. चांगल्या रचनेत कुलूप दर वेळी एक नवी संख्या पाठविते, फोन गुप्त किल्लीच्या साहाय्याने तिचे उत्तर तयार करतो आणि ते पडताळून कुलूप उघडते. किल्ली स्वतः हवेतून जात नसल्याने संभाषण चोरून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अर्थात, उत्पादकाने एवढी काळजी घेतली असेल तर! २०१८ मध्ये टॅपलॉक या कुलपाची तपासणी झाली, तेव्हा त्याची किल्ली त्याच्या ब्लूटूथ पत्त्यावरूनच तयार केलेली आढळली. आणि तो पत्ता कुलूप स्वतःच प्रक्षेपित करीत होते. किल्ली कुलपालाच टांगून ठेवण्याचा हा प्रकार होय.

याहून विचार करण्याजोगा दोष उत्तम रचनेतही राहतो. खिशातून फोन न काढता दार उघडावे, या सोयीसाठी फोन जवळ असणे हीच मालकाची ओळख मानली जाते. परंतु एक उपकरण दाराजवळ व दुसरे मालकाच्या फोनजवळ ठेवून दोहोंमधील संदेश जसेच्या तसे पुढे पोचविले, तर दूरचा फोन कुलपाला जवळच भासतो. सांकेतिक लिपी फोडावीच लागत नाही. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी टेस्लाच्या मोटारीवर व क्विकसेटच्या केव्हो या कुलपावर हे करून दाखविले. फोनवर प्रत्येक वेळी संमती द्यावी लागणे हा यावरील साधा उपाय. पण मग सोय तेवढी कमी होते. अल्ट्रा-वाइडबँड तंत्रात संदेशाच्या प्रवासास लागलेला वेळ मोजून अंतर ठरविले जाते. एका नॅनोसेकंदात रेडिओलहरी सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे दूरचा फोन जवळचा असल्याचे भासविणे फार कठीण होते.

या व्यवहारात मालक व चोर यांखेरीज तिसरा पक्षही असतो, तो उत्पादक. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट कंपनीने पाठविलेल्या सदोष सॉफ्टवेअरमुळे सुमारे ५०० कुलपे निकामी झाली. त्यांचा कंपनीच्या यंत्रणेशी संपर्कच तुटल्याने दुरून दुरुस्ती करणेही अशक्य झाले. कुलपाबरोबर आलेली धातूची किल्ली तेवढी चालत होती.