जुन्या गाडीचा गळा

जुनी मोटार 'ट्यून' करायची म्हटलं, की बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी येतात: वेग आणि आवाज. पाइप जाडा बसवायचा, सायलेन्सर आतून पोकळ करायचा आणि आपण गल्लीत शिरलो की साऱ्या गल्लीनं माना वळवल्या पाहिजेत! शर्यतीच्या मैदानात हे शोभत असेल. पण जी गाडी सिग्नलला थांबणार आहे, घाट चढणार आहे आणि रात्री शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभी राहणार आहे, तिच्या बाबतीत ट्यूनिंगचा अर्थ वेगळा आहे. तिनं तिच्या मूळच्या ताकदीनं, कमी धुरात, कमी आवाजात आणि कमी पेट्रोलमध्ये चालावं, एवढाच तो अर्थ.

मी बोलतो आहे ते प्रीमियर पद्मिनीविषयी. माझ्या वडिलांची पद्मिनी माझ्याकडे आहे. मी काही इंजिनिअर नव्हे, बी. ए. झालो आणि कविता करत राहिलो. पण कुर्ल्यातल्या एका उस्तादांच्या गॅरेजमध्ये बाकड्यावर बसून मी बरंच काही पाहिलं आणि ऐकलं. याच कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. फियाट ११००च्या या भारतीय वारसदाराला १९७४मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ घनसेंटिमीटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजच्या मानानं ती फार नाही. पण एवढ्याच बळावर या गाडीनं टॅक्सी म्हणून मुंबईला दशकानुदशकं वाहून नेलं. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खाजगी पद्मिनी मात्र नोंदणीचं नूतनीकरण करून अजून रस्त्यावर येऊ शकते. ती तिथे टिकायची असेल, तर तिची तब्येत सांभाळायला हवी.

उस्ताद मला म्हणायचे, "शायरसाब, पहले कान लगाओ, बाद में पाना." आणि त्यांचा दुसरा दंडक असा, की कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावायचा. गाडी जरा अडखळली, की लोक आधी कार्बोरेटर उघडतात. खरा दोष पुष्कळदा ठिणगीत असतो.

म्हणून क्रम असा. आधी चारही सिलिंडरचं कंप्रेशन पाहायचं. एखादा सिलिंडर फारच कमी भरला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेडचं पॅकिंग आधी दुरुस्त करायला हवं. आजारी इंजिन ट्यून होत नाही. मग इंजिन थंड असताना टॅपेटची फट फिलर गेजनं गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावायची. टॅपेट थोडा खडखडला तर फार बिघडत नाही; पण फट फार कमी ठेवली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो.

त्यानंतर प्लग आणि डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट. पॉइंट उघडणारी छोटी टाच घासत जाते, तशी पॉइंटची फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, हा क्रम मोडायचा नाही. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन 'नॉकिंग' करतं, म्हणजे आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. उशिरा पडली तर पिकअप जातो, मॅनिफोल्ड तापतं आणि पेट्रोल वाया जातं. चार सिलिंडर १-३-४-२ या क्रमानं पेटतात. कवितेत एक मात्रा चुकली तर कानाला लगेच खटकते. इथेही एक सिलिंडर 'मिसिंग' मारू लागला, की कान तयार असलेल्या माणसाला ते पावलागणिक कळतं.

आता कार्बोरेटर. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काजळीनं काळा होतो. कमी झालं तर पांढरट पडतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला. पण हे गणित आता थोडं बदललं आहे. २०२५पर्यंत पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक हा फरक सांभाळून घेतो. कार्बोरेटरला संगणक नसतो. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, गाडी धक्के देते आणि जास्त तापते. कधी कधी मेन जेट किंचित मोठा बसवावा लागतो. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये. नळी तडकली तर पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं. मग ट्यूनिंगची नाही, आगीची गोष्ट होते.

इंजिन झालं, की निकास. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर वेळा जळका वायू पाइपात ढकलला जातो. त्या धक्क्यांचा जोर सायलेन्सरमधले कप्पे आणि भोकांच्या नळ्या मोडून काढतात. 'इंजिनला थोडा अडथळा लागतोच' असं काही जण सांगतात. ते खरं नाही. इंजिनला अडथळा नको, वायूचा वेग हवा असतो. योग्य मापाच्या पाइपातून वेगानं जाणारा वायू मागच्या वायूलाही ओढून नेतो. पाइप उगाच जाडा केला, की हा वेग मंदावतो, आवाज वाढतो आणि गर्दीत लागणारी खालच्या वेगाची ओढ मात्र कमी होते. ४० अश्वशक्तीची गाडी ओरडून ६०ची होत नाही. सायलेन्सर असणं कायद्यानंही सक्तीचं आहे.

सायलेन्सर कुजतो तो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं, की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रोज कोपऱ्यावर जाऊन परत येणाऱ्या गाडीचा पाइप तापतच नाही. ते पाणी आत साचतं आणि गंज धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी तासभर चालवावी.

सगळ्यांत महत्त्वाचं, निकासाची गळती. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं किंवा पाइपाला भोक पडलं, की जुन्या गाडीच्या गंजलेल्या तळातून तो आत शिरू शकतो. तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागी गाडी 'स्लो'वर ठेवावी आणि जाड हातमोजा घालून, कापडाच्या बोळ्यानं पाइपाचं तोंड क्षणभर दाबावं. इंजिन दबून बंद पडू लागलं तर निकास घट्ट आहे. फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नये.

शेवटी पीयूसी. २०००पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट लावलेली पद्मिनी ती पाळू शकते. कागदासाठी कागद घेण्यापेक्षा तो आकडा वाचावा. तो आपल्या गाडीच्या श्वासाचा अहवाल असतो.

भंगारातून सुटे भाग अजून मिळतात, पण कानानं दोष ओळखणारे उस्ताद कमी होत चालले आहेत. असा कारागीर तुमच्या ओळखीत असेल, तर गाडी नुसती त्याच्याकडे सोडून येऊ नका. थोडा वेळ शेजारी बसा, विचारा आणि ऐका. गाडी जपायची, तर ही विद्याही जपायला हवी.