दोन दिशांनी आलेली माती

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाचं आभाळ जून-जुलैत अधूनमधून अचानक दुधाळ होतं. ढग नसतात, तरी ऊन फिकं पडतं, क्षितिज दिसेनासं होतं, गाड्यांच्या काचांवर तांबूस पूड साचते. दम्याच्या रुग्णांना घराबाहेर जपून पडायला सांगतात आणि छोट्या बोटींना किनाऱ्यालाच थांबायला. हे धुकं नव्हे, धूरही नव्हे. हे सहारा वाळवंट आहे, साडेचार हजार किलोमीटरचा अटलांटिक ओलांडून आलेलं.

ते येतं कसं? उन्हाळ्यात सहाराची जमीन इतकी तापते की तिच्यावरची हवा धुळीसकट पाच-सहा किलोमीटर उंच उठते आणि पश्चिमेकडे निघते. आफ्रिकेचा किनारा संपला की ही कोरडी, गरम हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेच्या पाठीवर चढते आणि तशीच वरच्या वर पुढे सरकते. आठवडाभराच्या या प्रवासात धूळ हळूहळू खाली झिरपत राहते. खाली व्यापारी वारे वाहत असतात, तेही पूर्वेकडूनच. आफ्रिकेपर्यंत मध्ये अडवणारी जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे वाऱ्याला समुद्र घुसळायला हजारो किलोमीटरचं मैदान मिळतं. वाऱ्यांनी जोर धरला की पूर्वेकडच्या बाथशेबाच्या किनाऱ्यावर लाटा खडकांवर आदळत राहतात. पाणी आफ्रिकेहून येत नाही, ते जागच्या जागीच वरखाली होतं. वाऱ्याने त्याला दिलेली ऊर्जा मात्र खरोखर दूरवरून येते. बेटाची रुंदी जेमतेम तेवीस किलोमीटर, पण त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावर पाणी बरंच शांत असतं.

मायामी विद्यापीठाचे जोसेफ प्रॉस्पेरो यांनी साठच्या दशकात बेटाच्या पूर्व टोकाला, रॅगेड पॉइंटला ही धूळ पकडायला सुरुवात केली. साधन साधंच होतं, वाऱ्याच्या तोंडावर टांगलेली नायलॉनची जाळी. धुळीच्या नोंदी तिथे पुढे अनेक दशकं होत राहिल्या, आणि त्यांतून जे दिसलं ते मला विलक्षण वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सहाराच्या दक्षिणेला साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा बार्बाडोसवर पडणारी धूळ कितीतरी वाढली. एका खंडाच्या करपल्या रानांची नोंद महासागरापलीकडचं बेट ठेवत होतं.

या धुळीच्या थरात वादळांना बाळसं धरता येत नाही. चक्रीवादळाला दमट हवा लागते. ही हवा कोरडी असते, शिवाय तिच्यातला वेगवान वारा वादळाची उभी रचना मोडतो. पण धुळीचा पडदा कायम नसतो. 29 जून 2024ला भारताने बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी क्रिकेट विश्वचषक जिंकला आणि मग संघ तिथेच अडकला, कारण बेरिल चक्रीवादळ येत होतं. तेही याच पूर्वेच्या वाटेने आलं आणि बेटाच्या दक्षिणेकडून पुढे गेलं.

सगळ्यात मोठं कोडं मात्र पायाखाली आहे. बार्बाडोसचा बहुतेक भाग म्हणजे समुद्रातून वर उचललेली प्रवाळभित्ती, शुद्ध चुनखडीच. चुनखडी पावसाने विरघळली की मागे फारच थोडा गाळ उरतो. मग शतकानुशतकं ऊस पिकवणारी ही चिकट, सुपीक माती आली कुठून? शास्त्रज्ञांनी तिच्यातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांची प्रमाणं तपासली. ती खालच्या खडकाशी जुळेनात. जुळली ती आफ्रिकेच्या धुळीशी आणि शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या ज्वालामुखीच्या राखेशी. आभाळ मळवणारी ही पूड लाखो वर्षं साचत साचत शेत झाली आहे.

पण सेंट व्हिन्सेंट तर बार्बाडोसच्या पश्चिमेला आहे! पूर्वेच्या वाऱ्याविरुद्ध राख आली कशी? एप्रिल 2021मध्ये ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. सेंट व्हिन्सेंटचा ला सूफ्रिएर ज्वालामुखी फुटला, राखेचा लोट व्यापारी वाऱ्यांच्याही कितीतरी वर गेला, आणि तिथे वारा उलटा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. भर दिवसा बार्बाडोसवर अंधार पडला, छपरं आणि रस्ते करड्या राखेखाली गेले, आणि लोकांना ती झाडून काढायला कितीतरी दिवस लागले.